कापूस गेला त्या वाटेनं

अमरावतीहून मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत एक प्रश्न ठरलेला असतो. बडनेरा सुटलं, चादरी अंथरून झाल्या, डबे उघडले की समोरच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, "काय काम काढलं मुंबईले?" उत्तरंही ठरलेली. टाटाला रिपोर्ट दाखवायचे आहेत. मंत्रालयात फाइल अडकली आहे. पोराची मुलाखत आहे. पोरगी कल्याणला बाळंत झाली. मी म्हटलं, "काम काही नाही. दोघंच फिरायला चाललो." समोरच्या काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे, आणि "दोघंच?" एवढंच विचारलं.

वऱ्हाडातल्या माणसानं बिनकामाचं मुंबईला जाऊ नये, असा नियम कुणी केलेला नाही. पाळतात मात्र सगळे. देवाला जातात, लग्नाला जातात, पावसाळ्यात चिखलदऱ्याला जातात; मोठं शहर गरज पडल्याशिवाय गाठायचं नाही. मला हे मोडायचं होतं. यांना मोडायचं नव्हतं, आणि त्यांची कारणं आळसाची नव्हती. म्हणून आमचं जे बोलणं घरात सुरू झालं आणि परतीच्या गाडीतही संपलं नाही, ते मांडते आहे. हे बँकेत आहेत. मूळचे दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातल्या कापूसवाल्या घरातले. मी अकोल्याची, जठारपेठेतली. अमरावतीत शाळेत शिकवते. फेब्रुवारीतला दुसरा शनिवार जवळ आला तेव्हा मी विषय काढला.

हे : दोन दिवसांत काय होते मुंबईत? दोन राती गाडीत, दोन दिवस गर्दीत. त्यापेक्षा तुझ्या अकोल्याले जाऊ. बाळापूरची छत्री पाहून किती वर्षं झाली? मिर्झाराजे जयसिंगाची छत्री, नदीकाठी, निवांत. नरनाळ्याले चढू. महाकाली दरवाज्यावरची नक्षी मुंबईत कुठं पाहायले भेटते तुले?

मी : ते सगळं आपलंच आहे. कधीही जाता येईल.

हे : हेच म्हणतात सगळे. कधीही जाऊ म्हणता म्हणता अमरावतीच्या परकोटाचे दरवाजे तरी आपण धड पाह्यले का? नागपुरी गेटातून भाजी आणायले जातो, मान वर करून कमानीकडे पाहत नाही.

मी : नाही पाहिले. मुंबईही नाही पाहिली. दोन्हींपैकी एक तरी सुरू करू.

हे : मुंबई मी पाह्यली आहे.

हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं, तो मला माहीत होता. त्याबद्दल पुढे येईल. तिकिटं मी काढली.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरल्यावर माणूस टॅक्सीकडे धावतो. आम्ही धावलो नाही. ही इमारत बाहेर येऊन, रस्ता ओलांडून, महापालिकेच्या बाजूनं पाहायची असते. १८७८ साली काम सुरू झालं, दहाएक वर्षं चाललं. २००४ साली जागतिक वारशात नाव आलं. यांनी ती शांतपणे पाहिली. इराण्याकडे बनमस्का आणि चहा झाला, त्याबद्दल तक्रार आली नाही. खरा वाद पेटला तो ओव्हल मैदानावर, राजाबाई टॉवरसमोर.

हे : कोणं बांधला हा?

मी : पैसे प्रेमचंद रायचंदांनी दिले. राजाबाई त्यांची आई. १८७८ साली पुरा झाला.

हे : धंदा काय होता त्यायचा?

मी : कापूस.

मैदानावर एकात एक मिसळून क्रिकेटचे कितीतरी डाव चालू होते. यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि टॉवरकडे तोंड करून बसले.

हे : १८६१ले अमेरिकेत यादवी सुरू झाली, इंग्लंडच्या गिरण्यांले कापूस मिळेना, मुंबईत भाव आभाळाले भिडले. एवढं तुझ्या पुस्तकात आहे. पण त्याच्या आधी, १८५३लेच, इंग्रजांनं निझामाकडून वऱ्हाड काऊन काढून घेतला? फौजेचे पैसे थकले म्हणून. आन थकबाकीत मागितला कोणता मुलूख? काळ्या मातीचा, कापसाचा. मंग रेल्वे आली. अकोला, बडनेरा करत १८६७ले नागपूरले गेली. मूर्तिजापूरहून एका बाजूले अचलपूर आन दुसऱ्या बाजूले यवतमाळ, अशी शकुंतला टाकली, ती काय आपल्याले सासुरवाडीले जाता यावं म्हणून? कापूस ओढायले.

मी : ओढायला टाकली असेल. पण आपली माणसंही तिच्यातूनच सासरी-माहेरी गेली नं, कितीतरी वर्षं.

हे : गेली. आता तीही बंद आहे.

मी : आणि प्रेमचंदांचंही दिवाळं निघालंच. १८६५ साली युद्ध थांबलं, भाव कोसळले, अर्धी मुंबई बुडाली. त्यांनी विद्यापीठाला दिलेला पैसा मात्र वाया गेला नाही, म्हणून हा उभा आहे. या शहरात सट्टा खेळणारे होते तसे देणारेही होते.

हे : देणारे म्हणतेस. माझी आजी पहिल्या वेचणीच्या दिवशी वावरात सीतादही करे. पऱ्हाटीच्या झाडाखाली पाच गोटे मांडायची, हळद-कुंकू लावायची, दही-भाताचा घास ठेवायची, मंग ओटी बांधून तासात शिरायची. वाळल्या बोंडाची टोकं नखाखाली घुसत. संध्याकाळी भाकर थापताना तिच्या बोटाले मीठ झोंबे, हे मी पाह्यलं आहे. तिच्या आजीनं वेचलेला कापूस या टॉवरखाली आहे की नाही, कोणाले ठाऊक; पण तिच्यासारख्यांचा आहे. टॉवरले नाव मात्र शेठच्या आईचं. मी राग नाही करून राह्यलो. फक्त इथं उभं राहून मी वा वा काऊन म्हणू, ते सांग.

यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. आजही वाटतं, या शहराच्या जुन्या इमारती दाखवणाऱ्यांनी बांधकामाच्या शैलीबरोबर पैसा कुठून आला हेही सांगावं. दगड कुठल्या खाणीचा हे सांगतात, कापूस कुठल्या वावराचा हे सांगत नाहीत.

मी : वा वा नका म्हणू. आमचंही आहे म्हणा. पण ते म्हणायला तरी यावं लागतं नं? घरी बसून म्हटलेलं ऐकतं कोण?

हे : आन इथं म्हटलेलं कोण ऐकून राह्यलं? पोरं क्रिकेट खेळून राह्यली.

मी : मी ऐकते आहे.

दुपारी महात्मा फुले मंडईत गेलो. फिरायला आलेले लोक इथे फळांचे फोटो काढतात. थांबायचं मात्र दाराशी. १८६९ साली बांधून झालेल्या या मंडईच्या प्रवेशद्वारांवर दगडात कोरलेली चित्रं आहेत, लॉकवूड किपलिंग या कलाशिक्षकाच्या हातची. राबणारी शेतकरी माणसं आहेत त्यांत. खालून माणसांची, हातगाड्यांची, पाट्यांची ये-जा इतकी की डोकं वर उचलायला जागा नाही. हे मात्र धक्के खात उभे राहिले. कोरणाऱ्यानं कष्टकऱ्याची पाठ ओळखून कोरली आहे, असं म्हणाले. आणि ज्याचं नाव या मंडईला पुढे मिळालं त्यानंच 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, हे मी सांगण्याआधी त्यांनीच मला सांगितलं. त्या दिवसात पहिल्यांदा त्यांच्या आवाजात आनंद होता.

तो आत जाऊन टिकला नाही. मृग बहाराची संत्री आली होती. ढीग रचलेले, आणि विक्रेता ओरडत होता, नागपूरची संत्री, नागपूरची.

हे : दादा, कुठून आली ही?

तो म्हणाला, नागपूर. यांनी एक फळ उचललं, देठाशी अंगठा दाबून पाहिला, सालीचा वास घेतला आणि परत ठेवलं.

हे : वरूडची असतील, नाही तं मोर्शीची. आमच्या जिल्ह्याचा तो पट्टाच संत्र्याचा आहे. बाग अमरावती जिल्ह्यात, पाणी काढता काढता विहिरी खोल गेल्या त्याही अमरावती जिल्ह्यात, आन नाव नागपूरचं.

मी : बाजारात नावाला किंमत असते. नागपूर म्हटलं की गिऱ्हाईक थांबतं. वरूडच्या बागायतदारालाही त्या नावाचा भाव मिळतोच की.

हे : भाव व्यापाऱ्याले मिळते. बागवाला तं बाग फुलतानाच सौदा करून मोकळा होते.

मी : मग चिडायचं कुणावर? या फळवाल्यावर? त्यानं वरूड पाहिलंय कुठे? तो तिकडे जात नाही, आपण तिकडून इथे येऊन सांगत नाही. मग नागपूरच म्हणणार तो.

विक्रेत्याला बोलता बोलता वरूडचं नाव सांगून झालं. त्यानं ते ओरडण्यात घेतलं नाही, पण दोन संत्री जास्त टाकली.

खाण्याबद्दल थोडंच लिहिते, कारण खाण्यावर आमचं फार भांडण झालं नाही. माटुंग्याला उडप्याकडे रांगेत उभं राहून इडली आणि फिल्टर कॉफी, दादरला साबुदाणा वडा आणि पियुष, रस्त्यावर वडापाव. यांना वडापाव फिका लागला, तळलेल्या मिरचीनं भागलं. मी त्यांना एवढंच म्हटलं की या शहराचं प्रसिद्ध खाणं राजवाड्यातून आलेलं नाही. वडापाव दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर १९६६च्या सुमाराला सुरू झाला असं मानतात, आणि तो वाढला गिरणगावात, पाळी सुटल्यावर उभ्या उभ्या खाणाऱ्यांच्या हातात. पावभाजीची तर गोष्टच अशी सांगतात की कापसाच्या भावाच्या तारा रात्री-बेरात्री येत, दलाल जागत, त्यांच्यासाठी गाडीवाल्यांनी उरल्यासुरल्या भाज्या एकत्र केल्या.

हे : म्हणजे इथंही कापूसच.

मी : कापूसच. आणि गिरण्या चालवणारी माणसं कोकणातून, घाटावरून आलेली. तुमचा कापूस, त्यांचे हात. या शहरात एकट्या शेठचं काहीच नाही.

हे : परळले त्या गिरण्यांचे आता मॉल झाले.

मी : फिनले मिल तरी आली नं आपल्याकडे, अचलपूरला. इथल्या गिरणीच्या नावानं.

हे : आली. आन २०२०च्या लॉकडाऊनमधी बंद झाली ती झाली. ते कामगार मले बँकेत भेटतात. तू त्यायले जाऊन सांग, या शहरात एकट्या शेठचं काही नाही म्हणून.

हे मला लागलं. अजूनही यावर माझ्याकडे उत्तर नाही. अकोल्यात सावतराम मिलचा भोंगा आमच्या घरच्यांच्या बोलण्यात असायचा, मी तो नावानंच ओळखते. गिरणी बंद पडते तेव्हा त्या शहराचं काय जातं, हे सांगायला मुंबईला यावं लागत नाही, हे यांचं म्हणणं खरंच होतं.

संध्याकाळी मला शिवाजी पार्कावर जायचं होतं. हे दादर पूर्वेला वळले. मी विचारलं नाही. थोडं चालल्यावर संत गाडगे महाराज धर्मशाळा आली. टाटा हॉस्पिटलच्या पेशंटांसाठी आणि त्यांच्या माणसांसाठी असलेली. दारात तपासण्यांच्या मोठ्या पाकिटांसह बसलेली माणसं, तोंडाला मास्क लावलेली एक लहान मुलगी, दोरीवर धोतर वाळत घातलेलं. एका बाईचं बोलणं कानावर आलं, बोली आमच्याकडचीच.

हे : बाबांले घेऊन इथं राह्यलो होतो. सकाळी परळ, संध्याकाळी इथं. तू म्हणतेस मुंबई पाहू. मी पाह्यलेली मुंबई एवढी आहे. रांगेचे नंबर, केसपेपर, रात्री बाबांच्या पायाशी झोपणं. समुद्र किती जवळ आहे हे मले माहीत होतं. जावं वाटलंच नाही.

मी : माहीत आहे मला. म्हणूनच...

हे : म्हणूनच काय? फिरायले आलेल्या माणसाले शहर एक दिसते आन अडलेल्याले दुसरं. मले अडलेल्याचं खरं वाटते. या शहरानं बाबांले औषध दिलं, गाडगेबाबांच्या नावानं छप्पर दिलं. मी इथं हात जोडून येतो. तू मले हात सोडून चालायले सांगून राह्यली.

आम्ही थोडा वेळ समोरच्या कठड्याशी उभे राहिलो. गाडगेबाबा आमच्या जिल्ह्यातले, शेंडगावचे. त्यांचं अखेरचं कीर्तन मुंबईतच झालं, वांद्र्याला, ८ नोव्हेंबर १९५६ रोजी. आणि २० डिसेंबरला ते आपल्या मुलखात, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर वारले. अमरावती ते मुंबई हा रस्ता त्यांनी कोणापुढे लाचार होऊन तुडवला नाही. लोकांना कामाला लावायला ते या शहरात आले, हातात खराटा घेऊन. मी हे यांना तिथेच बोलून दाखवलं.

मी : बाबा आजारी असताना तुम्ही समुद्र पाहिला नाहीत, ते बरोबर होतं. पण त्यांच्यामागे इतक्या वर्षांतही पाहायचा नाही, हे कुणी ठरवलं? त्यांनी?

हे : नाही. ते असते तं स्वतः गेले असते. चप्पल हातात घेऊन, वाळूत.

मग आम्ही गिरगाव चौपाटीला गेलो. तिथे दोन तास बसलो आणि काही बोललो नाही, म्हणून लिहिण्यासारखंही काही नाही.

रविवारचा बेत मी आखला होता, तो यांनी मोडला. त्यांना हार्बर लाइनवरचं कॉटन ग्रीन पाहायचं होतं. मुंबईत फिरायला येणारं कुणी तिथे उतरत असेल असं वाटत नाही. कापसाचा बाजार आधी किल्ल्यातल्या मैदानावर भरे, जिथे आज हॉर्निमन सर्कल आहे. मग तो कुलाब्याला गेला आणि १९२०च्या दशकात शिवडीच्या या भागात आला. कॉटन एक्स्चेंजची इमारत अजून आहे, जवळच जुनी गोदामं. रविवार असल्यामुळे सगळं बंद. रस्ता रुंद आणि रिकामा. हे एका गोदामाच्या शटरसमोर उभं राहून त्याची रुंदी पावलांनी मोजत होते.

हे : इतक्या रुंद दारातून बैलगाडी सहज वळते. बांधणाऱ्यांनं विचार केला होता.

मी : बघा, म्हणालात शेवटी काहीतरी चांगलं.

हे : दाराले म्हणालो.

परतीच्या गाडीत जागा खिडकीजवळची मिळाली. डबा सोबत नव्हता. दादरहून घेतलेल्या पुरणपोळ्या होत्या, त्या यांना गोड वाटल्या पण पातळ वाटल्या. कसारा घाट चढून गाडी इगतपुरीला आली तोवर मला वाटत होतं वाद संपला.

हे : एक सांग. तुझा भाऊ डोंबिवलीत आहे. आपल्या दोघांच्या नात्यातले किती लोक त्या बाजूले आहेत. त्यातलं कोणी आजपर्यंत शनिवार-रविवार काढून अमरावतीले फिरायले आलं? लग्नाले येतात, तेराव्याले येतात, शेताच्या सातबाऱ्यावर नाव चढवायले येतात.

मी : इथे फिरायला काय आहे, असं वाटतं त्यांना.

हे : कारण आपण सांगत नाही. तू मले दोन दिवस मुंबई सांगितली, कोणाच्या पैशानं काय उभं राह्यलं ते. तशी अमरावती सांगणारं कोणी आहे का? अंबादेवीच्या देवळात दर्शन घेऊन येतात, पण १९२७ले त्याच देवळासाठी सत्याग्रह उभा राह्यला, पंजाबराव देशमुख त्यात होते, नोव्हेंबरात बाबासाहेब अस्पृश्य परिषदेचे अध्यक्ष म्हणून अमरावतीले आले होते, हे कोण सांगते? हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे मल्ल १९३६ले बर्लिनच्या ऑलिम्पिकमधी खेळ दाखवून आले. त्याच आखाड्यात आजही मल्लखांब चालते. आपण कधी पाहुण्यांले तिथं नेऊन बसवलं?

मी : नाही.

हे : तुझं म्हणणं मी मान्य करतो. मुंबईले बिनकामाचं जावं. मले बरं वाटलं, समुद्राचं विशेष. पण मुंबईनंही इकडे बिनकामाचं यावं. नाही तं आपण तिथं कितीही मान वर करून चाललो तरी हिशेब जमत नाही.

मी : तुम्ही प्रत्येक गोष्टीत हिशेब का घालता?

हे : कापूसवाल्याच्या घरचा आहे. आमच्या दारातून गेलेल्या मालाचा हिशेब आजपर्यंत कोणी दिला नाही.

मला इथे त्यांच्याशी पूर्ण सहमत होता येत नाही, हे लिहून ठेवते. मुंबई आपल्याकडे येईल तेव्हाच आपण तिकडे जावं, असं धरून बसलो तर एक पिढी घरातच बसेल. वर्गातल्या माझ्या मुलींनी टाटाच्या आणि मंत्रालयाच्या आधी समुद्र पाहावा, राजाबाई टॉवर पाहावा आणि तो कापसाचा आहे हे त्यांना ठाऊक असावं. वऱ्हाडातल्या बाईला तर बिनकामाचं बाहेर पडायची परवानगी कुणी देतच नाही. ती तिनं स्वतःच घ्यायची असते. हिशेब नंतर मांडता येतो. पण पाहुण्यांना बोलवायचं, हे मी लगेच मान्य केलं, आणि मग मनमाड येईपर्यंत आम्ही त्यांच्या दोन दिवसांचा बेत करत होतो.

हे : शनिवारी अमरावती. सकाळी अंबादेवी, एकवीरा, मंग परकोटाचे दरवाजे पायी. नाश्त्याले गिलावडा.

मी : गिलावडा संध्याकाळी. सकाळी पोटभर दही खाऊन पायी कोण फिरेल?

हे : मंग संध्याकाळी मल्लखांब पाहून गिलावडा. रविवारी अकोला. राजराजेश्वर, असदगड, दुपारी बाळापूरची छत्री. रात्रीच्या गाडीनं ते अकोल्याहूनच परत.

मी : आणि रोडगे कधी? गोवऱ्यांचा जगरा लावायचा, कणीक तिंबायची, वांग्याची भाजी चुलीवर, यात अख्खी दुपार जाते. दर्यापूरला वावरातच करावे लागतील.

हे : तं बाळापूर काढ.

मी : बाळापूर नाही निघणार. माझ्या माहेरचं आहे ते.

हे : मंग दोन दिवस पुरत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत बोलाव.

मी : दिवाळीत त्यांना तिकडेच राहायचं असतं. आता बेलोऱ्याहून विमानही सुरू झालंय, एप्रिल २०२५पासून. दिवस जुळले तर येण्याजाण्यातला वेळ वाचेल.

हे : विमानानं येवोत की गाडीनं, पहिल्या वेचणीच्या वेळेले आले पाहिजेत. पोरायले सीतादही पाहू दे.

मी : वेचणी काय शनिवार पाहून येते?

हे : तं तुझ्या भावाले रजा टाकायले सांग. आपण टाकतोच नं, मुंबईले काम निघालं की.